मावशीच्या पायाखालचा ब्रेक

माझी मावशी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे ती जे बोलली त्याचं तुम्हाला नवल वाटेल. राग तिच्या नाकावर कायमचा मुक्कामाला असतो. तरीही चोवीस वर्षं लोकांना गाडी शिकवताना ती एकाही शिकाऊ माणसावर ओरडलेली नाही. ती स्वतः शिकत होती तेव्हा गिअर चुकला की तिचा मास्तर पट्टीने बोटांवर मारायचा. पुढे तिने स्वतःच शिकवायला सुरुवात केली, ती निम्मी त्या मास्तरावरच्या रागापोटी.

तिच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एक खोली, एक पांढरी गाडी आणि फोन घ्यायला मी, एवढाच पसारा. गाडीत शेजारच्या सीटसमोरही ब्रेक आणि क्लच आहेत. तिथला ब्रेक दाबला की डॅशबोर्डच्या खालून जाणारी आडवी सळई चालकाचा ब्रेक ओढते. हे सगळं मिस्त्रींनी बसवलंय. मिस्त्री म्हणजे आमच्या खोलीपासून दोन गल्ल्या पलीकडचे मेकॅनिक. एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून इंजिनवर हात ठेवून बिघाड ओळखतात. मावशी उंचीने कमी, म्हणून तो ब्रेक त्यांनी चार बोटं सीटच्या जवळ घेऊन दिलाय. पाय न ताणता, बसल्या जागी दाबता येईल असा.

मागच्या वर्षी गाडी सिग्नलला उभी असताना एक टेम्पो न बघता मागे आला आणि पुढचा कोपरा चेपून गेला. शेजारच्या सीटच्या बाजूचा. दिवा फुटला, बंपर लोंबायला लागला, आतला पत्रा वाकून ब्रेकपर्यंत आला. मावशीने विमा कंपनीला फोन लावला. स्पीकरवर होता, म्हणून मी सगळं ऐकलं.

पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, गाडी आमच्या यादीतल्या गॅरेजमध्येच न्यावी लागेल."

"माझे मिस्त्री आहेत. ते ही गाडी आतून-बाहेरून ओळखतात."

"बाहेरच्या गॅरेजला नेलीत तर क्लेम अडकू शकतो."

"अडकू शकतो म्हणजे? तो काय आपला आपण अडकतो? अडकवणार तुम्हीच ना?"

पलीकडे होल्डचं संगीत सुरू झालं. मावशी त्या संगीताला उद्देशून जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तीन दिवसांत चार फोन झाले. प्रत्येक वेळी आवाज नवा, वाक्य तेच. मी तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव फोनच्या वहीत लिहून ठेवत होते, ती केवळ सवय म्हणून. नऊ शिकाऊ माणसं खोळंबली होती. शेवटी मीच म्हणाले, "जाऊ दे ना मावशी. काम झाल्याशी मतलब." आजही ते वाक्य आठवलं की मला माझाच राग येतो. ती मान हलवून निमूट गेली. ती निमूट गेली, तिथेच मला कळायला हवं होतं.

यादीतलं गॅरेज म्हणजे चकचकीत प्रकरण. काचेचं दार, कॉफीचं मशीन, गळ्यात ओळखपत्र अडकवलेले तरुण. गाडीजवळ जायला बंदी. अकरा दिवसांनी गाडी मिळाली, ती आरशासारखी.

"माझ्या बाजूचा ब्रेक नीट जोडलाय ना?" मावशीने विचारलं.

"सगळं चेक केलंय, मॅडम," असं म्हणत त्या तरुणाने सहीसाठी कागद पुढे केला.

तिने तिथेच आत बसून ब्रेक दाबून पाहिला. दाबला गेला. रस्त्यावर आणखी दोनदा दाबून पाहिला. लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला धडा सिस्टरांचा होता. सिस्टर म्हणजे एकसष्ट वर्षांच्या निवृत्त परिचारिका. आयुष्यभर गाडी त्यांच्या यजमानांनी चालवली. आता त्यांची नजर गेली, आणि दर आठवड्याला त्यांना इस्पितळात न्यावं लागतं. म्हणून या वयात त्यांनी स्टिअरिंग हाती घेतलं होतं. मावशी म्हणायची, इतकी शांत विद्यार्थिनी दहा वर्षांत पाहिली नाही.

मोकळ्या मैदानात वळण घेताना सिस्टरांचा पाय चुकला. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर. असं होतंच, शंभरातल्या नव्वदांचं होतं. समोर मैदानाची भिंत. मावशीने आपल्या बाजूचा ब्रेक जोरात दाबला. खट् असा आवाज आला आणि पाय जमिनीला टेकला. खाली काहीच नव्हतं. तिने एका हाताने हँडब्रेक ओढला, दुसऱ्या हाताने स्टिअरिंग फिरवलं. गाडी गर्रकन फिरली आणि मागची बाजू भिंतीला घासत थांबली. कुणाला ओरखडाही आला नाही. पण सिस्टरांचे हात स्टिअरिंगवरून सोडवायला मावशीला एकेक बोट उचलावं लागलं.

गाडी सरळ मिस्त्रींकडे. ते डॅशबोर्डखाली आडवे झाले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात प्लास्टिकची तुटकी पट्टी होती. वायरी बांधतात ना, तसली.

"सळई काढली होती, पत्रा सरळ करायला," ते म्हणाले. "मग बोल्ट सापडला नसेल. याने बांधून दिली. हळू दाबलं तर धरते. जोरात दाबलं की..." ती पट्टी त्यांनी मावशीच्या तळहातावर ठेवली. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि गंमत म्हणजे तिचा आवाज एकदम खाली आला. मला म्हणाली, "पॉलिसीचे कागद काढ. आणि ती वही घे."

शोधायला अर्धाच तास लागला. सतराव्या पानावर, डोळ्यांवर ताण येईल अशा अक्षरात आम्हाला हवं ते कलम होतं.

कंपनीच्या कार्यालयातल्या साहेबांनी आधी खुर्ची दिली, मग पाणी दिलं, मग म्हणाले, "गॅरेज वेगळी संस्था आहे, मॅडम. कामाबद्दल तक्रार त्यांच्याकडे करा."

"यादी कुणाची?"

"यादी आमची, पण..."

"सतरावं पान वाचा. मोठ्याने."

"मॅडम, इथे बाकीचे ग्राहक..."

"म्हणूनच मोठ्याने."

साहेबांनी वाचलं. दुरुस्ती कुठे करून घ्यायची हे विमाधारक ठरवू शकतो. काम सुरू करण्यापूर्वी कंपनीला कळवून पाहणी करून घ्यावी. बस्स. एवढंच. रांगेतला एक माणूस म्हणाला, "अहो, मलाही यांनी हेच सांगितलं, यादीतलंच गॅरेज!" मागून आणखी एक बाई उठली.

साहेब गडबडले. "फोनवर चुकून कुणी बोललं असेल..."

"चुकून? चार वेळा?" मावशीने माझ्या हातातली वही उघडली आणि चारही नावं, तारखा, वेळा वाचून दाखवल्या. मग ती तुटकी पट्टी त्यांच्या टेबलावर ठेवली. "मी आयुष्यभर लोकांना सांगते, घाबरू नका, तुमचा पाय चुकला तर माझा आहे. त्या बाईंना दिलेला शब्द काल मी खोटा पाडला की तुम्ही पाडलात, सांगा."

तिला उत्तर नको होतंच. तिला पाहणी करणारा माणूस हवा होता, तोही मिस्त्रींच्या दारात. तो दुसऱ्या दिवशी आला. सगळं काम कंपनीने पुन्हा मंजूर केलं, मिस्त्रींनी सहा दिवसांत केलं, आणि प्रत्येक बोल्ट आवळताना मावशी शेजारी स्टुलावर बसून होती.

पुढच्या महिन्यात कंपनीचं पत्र आलं. 'झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' मावशी खोलीत येरझाऱ्या घालायला लागली. "गैरसोय? नळाला पाणी आलं नाही तर गैरसोय! माणूस भिंतीवर आदळणार होता!" तिने 'गैरसोय' हा शब्द लाल पेनाने खोडला, वर 'निष्काळजीपणा' लिहिलं आणि तेच पत्र परत पाठवलं. त्याला उत्तर नाही. परवा मी सहज त्यांच्या नंबरवर फोन लावून पाहिला. आवाज नवा होता. वाक्य तेच.

सिस्टर पुन्हा शिकायला आल्या नाहीत. मावशी त्यांच्या घरी गेली, तेव्हा मी सोबत होते. आतल्या खोलीत यजमान रेडिओ ऐकत बसले होते. सिस्टर पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "चूक माझीच होती हो. या वयात नाद करायलाच नको होता."

"तुमचा पाय चुकला," मावशी म्हणाली. "चुकण्यासाठीच तर मी शेजारी बसते."

सिस्टरांनी हसून मान हलवली आणि चहा टाकायला उठल्या. मावशी दोनदा गेली, तिसऱ्यांदाही गेली. त्या अजून भाड्याच्या गाडीने जातात, यजमानांचा हात धरून. रस्त्यात दिसल्या की मावशी गाडी बाजूला घ्यायला सांगते, त्यांना नमस्कार करते, आणि निघण्याआधी आपल्या बाजूचा ब्रेक एकदा जोरात दाबून पाहते.