ऑर्डरमधून भाजी गळाली

सीमेवरच्या लष्करी छावणीला रसद आमची कंपनी पुरवते. इथे आखाती देशात, शहरातल्या गाला नावाच्या भागातल्या गोदामातून ट्रक मी भरून देतो. छावणी हलणार हे आम्हाला कुणी सांगत नाही. पण ऑर्डरमधून दही, कोथिंबीर, टोमॅटो गळाले आणि खजूर, पाणी, डबाबंद माल वाढला की समजायचं, फौज पुढे सरकतेय. मग ट्रकही तिच्या मागे. जवानाजवळ बंदूक तरी असते. आमच्या ड्रायव्हरजवळ नुसता जेवणाचा डबा, आणि वर ‘चला, लवकर निघा’ म्हणून सुपरवायझरचं ‘यल्ला, यल्ला’. डोकं फिरतं माझं.

ड्रायव्हर माझ्याच गावचा. घरी त्याने सांगून ठेवलंय की तो इथे शहरातच, बौशर भागातल्या मॉलमध्ये माल पोचवतो. गेल्या आठवड्यात भाजी गळाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याने मुद्दाम मॉलमध्ये जाऊन, दुधाच्या फ्रिजसमोर उभं राहून बायकोला व्हिडिओ कॉल केला.

काल तिचा मला फोन आला.

“भावजी, तिकडे बॉर्डरवर काहीतरी गडबड आहे म्हणे. बरं झालं, आमचे हे मॉलमध्येच असतात. फोन तेवढा लागत नाहीये.”

“मॉलमध्ये रेंज नसते, वहिनी,” मी म्हटलं.



“परवा तर तिथूनच व्हिडिओ कॉल केला होता त्यांनी.”