बेलच्या आधीची टकटक

इथे आखातात, अल मजाज भागातले आमचे शेजारी प्रयोगशाळेत उंदरांवर काम करतात. आमची बेल दाबण्याआधी ते दारावर नखाने हलकेच टकटक करतात. बेल असताना हे कशाला, म्हणून मी एकदा विचारलंच.

"मोठ्या आवाजाआधी बारीक आवाज ऐकवला की उंदीर कमी दचकतो, वहिनी. निकोटिन दिलं की कधीकधी आणखी कमी."

"म्हणून तुम्ही खाली जाऊन सिगारेटी ओढता?"



काल टकटक झाली, पण बेल वाजलीच नाही. मी दार उघडलं. ते बेलकडे बघत उभे होते.

"जॉब खलास, वहिनी. शुक्रवारी इंडियाला परत."

माझ्या हातातला चहा हिंदकळला. त्यांनी कपाकडे निरखून पाहिलं.

"टकटक केली होती ना मी?" ते म्हणाले.