लवूचं गाऱ्हाणं

लवू गावकराला जगात एकच गोष्ट कळत नसे, ती म्हणजे दुसरी माणसं तोंड कशाला उघडतात. कुणकेश्वराच्या अलीकडचं त्याचं गाव. तिथल्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. कुणाचं पोर आजारी, कुणाची होडी रिकामी परत येते. माणूस नारळ ठेवून खाली मान घालून उभा राहायचा आणि देवाला सांगायचं ते लवू सांगायचा. त्याच्या प्रत्येक वाक्याला मागचे लोक 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. हा होकार देवासाठी असतो, हे तीस वर्षांत लवू साफ विसरला. गाव आपल्यालाच मान डोलावतं असं त्याला वाटू लागलं, आणि घरी आल्यावरही हे वाटणं काही उतरत नसे. असल्या माणसाबरोबर जेवायला बसणंसुद्धा शिक्षाच.

मुलगी दिव्या कणकवलीच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची. लवूच्या लेखी तो "खुळ्यांचो अभ्यास". यंदा त्याने तिच्यासाठी स्थळ आणलं. मुलगा रविराज, मुंबईत नोकरीला, घरचे लोक लवूपुढे वाकून बोलणारे. लवूला आणखी काय हवं? दिव्याने तीनदा विषय काढला.

"बाबा, त्या स्थळाचा माका..."

"पसंत आसा. कळला माका," तिन्ही वेळा लवूनेच वाक्य पुरं केलं.

शेवटी तिने त्याला कॉलेजात सिनेमा बघायला नेलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं व्हिएन्ना शहर, मनोविश्लेषण सुरू करणारे पहिले डॉक्टर, त्यांचे कोट, दाढ्या आणि चिरूट. खाली मराठी अक्षरं पळत होती, ती दिव्याच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेली. लवू शाल-श्रीफळाच्या आशेने इस्त्रीचा सदरा घालून आला होता. मिळाली प्लास्टिकची खुर्ची. पडद्यावर एक बाई कोचावर पडून आपल्या बापाविषयी बोलत होती आणि डॉक्टर तिच्या उशाशी बसला होता. बराच वेळ झाला तरी डॉक्टर बोलेना.

"ह्यो मुको आसा?" लवूने अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं.

"ऐकता तो," दिव्या हळू म्हणाली. "तो गप बसता म्हणान ती बोलता."

"आणि ह्येका डॉक्टर म्हणतत!"

पुढे थोरल्या डॉक्टरचं आणि त्याच्या लाडक्या चेल्याचं फाटलं. मला तुमच्यापेक्षा वेगळं दिसतं, असं चेला म्हणाला आणि थोरल्याने तोंड फिरवलं. "चेल्याक वेळीच गप करूक होया होता," लवूने निकाल दिला. पुढच्या रांगेतली पोरं वळून बघायला लागली. दिव्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतीच्या एसटीत त्याने कंडक्टरपासून शेवटच्या सीटपर्यंत सगळ्यांना सिनेमा सांगितला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. "त्या बाईच्या वतीन बोलणारो थंय कोण नाय. आपल्याकडे कसा, माणसान नारळ ठेवूचो, बाकीचा मी बघतंय."

घरी पाऊल टाकताच त्याने बायकोला, सावित्रीला, फर्मान सोडलं. सोमवारी पाहुण्यांना बोलवायचं आणि देवापुढे गाऱ्हाणं घालून लग्न पक्कं करायचं.

"चेडवाक विचारलास?" सावित्री लेकीकडे बोट दाखवत म्हणाली.

"तिचा माका ठावक आसा."

देवापुढे घातलेलं गाऱ्हाणं गावात कुणी फिरवत नाही. लवूला ते ठाऊक होतं आणि दिव्यालाही. सोमवारनंतर तिच्या नाही म्हणण्याला काडीची किंमत उरणार नव्हती.

सोमवारी देऊळ भरलं. रविराजचे काका पुढे बसले, बायका मागे उभ्या राहिल्या. लवूने नारळ ठेवला आणि घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान रविराजाचा स्थळ मनापासून पसंत केल्यान आसा..."

"नाय म्हाराजा," दिव्या म्हणाली.

लवूने ऐकू न आल्यासारखं केलं आणि तेच वाक्य वरच्या पट्टीत फेकलं. मागून साथ आली नाही. दिव्या पुढे येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली, हात जोडले आणि देवाकडे बघत बोलू लागली. लवूचं तोंड उघडलं. पण चालू गाऱ्हाणं मध्येच तोडायचं नसतं, यावरूनच त्याने मागच्या जत्रेत सरपंचाला चारचौघांत गप्प बसवलं होतं. आता उघडलेलं तोंड मिटण्यावाचून इलाज नव्हता.

"बा देवा म्हाराजा, माका ह्या लगीन करूचा नाय. बापाशीक मी तीनदा सांगूक गेलंय, तीनदा तेनी माझा बोलणा तोडल्यान. तेका शिक्षा करू नको. तेका फकस्त आयकूक शिकव, रे म्हाराजा."

रविराजचे काका खाकरले. लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. लवूने वळून मागे नजर टाकली, तीस वर्षं ज्या नजरेला कुणी उलट बोललं नव्हतं ती.

"व्हय म्हाराजा," सावित्री म्हणाली, आणि तिच्यामागून अख्खं देऊळ म्हणालं.