ठरवून पाडलेला पैलवान

कॉलेजात असताना एक जपानी व्हिडिओ गेम मी तीनदा संपवला होता, आणि त्याला कुणी नावं ठेवली की मी भांडायला उठायची. चार-पाच जणांची टोळी गावोगाव फिरते, राक्षस मारते, ताकद वाढवते, एवढीच गोष्ट. पण त्यातल्या कुठल्याही गावात शिरा, दारात बसलेल्या म्हातारीलासुद्धा स्वतःचं काहीतरी सांगायचं असतं. संगीत तर असं की भांडी घासतानाही तोंडात यावं. खोडी होत्याच. चार पावलं टाकली की लढाई. दुष्ट माणूस मारामारीच्या आधी लांबलचक भाषण ठोकणार आणि ते ऐकावंच लागणार. आणि बायका बर्फात लढायला निघाल्या तरी अंगावर कपडा वीतभर. हे ज्याला सुचलं त्याला तसल्याच कपड्यात पौषातल्या पहाटे पन्हाळ्यावर उभं केलं पाहिजे.

गेल्या वर्षी आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तरुणपणी पैलवान, नंतर उमेदीची सगळी वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत गेलेली. घरात बसून त्यांनी आमचं डोकं खायला सुरुवात केली, म्हणून मी त्या गेमचा रिमोट त्यांच्या हातात दिला. पडद्यावरचं इंग्रजी मी वाचून मराठीत सांगायची, लढायचं त्यांनी. टोळीत एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा आहे, नुसत्या हातांनी लढतो आणि बाकीच्या पोरांना शिकवतो. आबांनी त्याला पहिल्याच दिवशी पैलवान म्हणायला सुरुवात केली. तलवारवाल्या नायकाकडं ते ढुंकूनही बघायचे नाहीत.

नंतर त्रास नको म्हणून मी आधीच सांगून टाकलं. ‘आबा, त्याच्यावर जीव लावू नका. डोंगरावरच्या देवळात मरतोय तो.’

‘तू किती मेहनत करून घेतली हुतीस त्याच्याकडनं?’

‘तसं नसतंय ते. कितीबी करा, मरतोच. गोष्टच तशी लिवलीया.’

‘बिनमेहनतीचा नेलास, मंग मरंल न्हाय तर काय.’

झालं. देवळाच्या पायथ्याला एक माळ आहे, तिथं आबांनी तालीम मांडली. उन्हाळाभर तेच. सकाळी चहा झाला की माळावर राक्षस बडवायचे, दुपारी जेवून परत. ताकद वाढवणाऱ्या बिया गेममध्ये मोजक्याच मिळतात, त्या सगळ्या पैलवानाला चारल्या. खुराक पाहिजे म्हणायचे. चांगलं चिलखत पैलवानाला, बाकीचे उघडे. आई म्हणाली, पोटच्या पोरीचं तरी एवढं केलंसा काय कधी? बघता बघता म्हातारा असा तयार झाला की भलाथोरला राक्षस एका बुक्कीत आडवा. मी शाहूपुरीतनं, ऑफिसातनं आले की चप्पल काढायच्या आधी त्याचे आकडे बघायची. खरं सांगते, मलाही वाटायला लागलं होतं, एवढी मेहनत केलेल्या माणसासाठी गेम करणाऱ्यांनी कुठंतरी वेगळी वाट ठेवली असंल. दारातल्या म्हातारीच्या गप्पासुद्धा लिहिणारी माणसं ती, ठेवणारच.

मग एका रविवारी आबांनी दाढी केली, खुर्ची पुढं ओढली आणि टोळी घेऊन देवळात शिरले. दुष्ट माणूस आला. त्याला आमच्या पैलवानानं असा चोपला की त्याची ताकद पार शून्यावर आली. मी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात टीव्ही क्षणभर काळा झाला, आणि तोच दुष्ट परत उठून उभा. अंगावर ओरखडा नाही. त्यानं भाषण ठोकलं, एक तलवार फिरवली, आणि पैलवान खाली. आबा बटणं दाबतायत, दाबतायत, पण तिथं कुठलंच बटण चालत नाही. व्हायोलिन सुरू झालं.

याच प्रसंगाला कॉलेजात मी उशी भिजवली होती. या वेळी तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, जिंकलो होतो की आम्ही. मारायचाच होता तर माळावर मेहनत कशाला करू दिलीत? त्या बिया कशाला दिल्यात, आकडे कशाला वाढवलेत? माणसाला ताकद द्यायची, आणि ऐन वेळी ती धरायचीच नाही, ही कुठली रीत? मी तिथंच उभी राहून टीव्हीला नको नको ते बोलले. कोण आलंय भांडायला म्हणून आई स्वयंपाकघरातनं बघायला आली.

आबांनी रिमोट मांडीवर ठेवला. मग हळू म्हणाले, ‘नुरा हाय ही.’

नुरा म्हणजे पैसे घेऊन, ठरवून केलेली कुस्ती. कोण पडणार ते मातीत उतरायच्या आधीच ठरलेलं. आमच्याकडं मैदानात लोकांना तिचा नुसता वास जरी आला तरी मैदान डोक्यावर घेतात.

‘व्हय, नुराच,’ मी म्हणाले. ‘चोर हायत सगळे.’

‘पर ह्याला कुणी इचारलंबी न्हाय गं.’ ते त्या पडलेल्या म्हाताऱ्याकडंच बघत होते. ‘मला निदान इचारलं हुतं.’

मला आधी कळलंच नाही. एवढ्या वर्षांत घरात हे कुणी ऐकलेलं नव्हतं. आई दारातच थांबली.

‘तुमास्नी? मग?’

‘मग काय. तुझ्या आत्याचं लगीन तोंडावर आलतं. पडलो की.’

देवळात शिरायच्या आधी माळावर सेव्ह करून ठेवलेला खेळ अजून शिल्लक होता, तिथनं परत सुरू करता येत होतं. आबांनी रिमोट माझ्या हातात दिला.

‘ह्याला म्हागं घे,’ ते म्हणाले. ‘हितनं फुडं न्यायचं न्हाय त्याला.’