पाय पूर्वेकडे

कळमनुरीकडच्या आमच्या गावात ख्रिस्ती कबरस्तानात कबर खोदणारा माणूस कुणाला ‘मेले’ म्हणत नाही. ‘झोपले’ म्हणतो. तिथं खोकला आला तरी तोंडावर रुमाल दाबून धरतो.

प्रभू येईल तेव्हा उठणाऱ्याचं तोंड पूर्वेला असावं, म्हणून आम्ही पाय पूर्वेकडे करून पुरतो. माझ्या वडिलांची, बापूंची पेटी मात्र घाईत उलटी उतरली. माती पडल्यावर माझ्या ध्यानात आलं. कबर खोदणाऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं.

त्यानं फावडं टेकवलं आणि कुजबुजला, “प्रभू नाव घेऊन हाक मारणार हाय. बापू चहाच्या हाकंला बराबर वळायचे, मंग त्या हाकंला काहून वळणार न्हाईत?”

सकाळपासून पहिल्यांदाच मला हसू फुटलं.

त्यानं लगेच ओठावर बोट ठेवलं. “हळू. झोपलेत समदे.”