मधूच्या रिव्हॉल्वरची कमान

मधूची माझी शेवटची भेट त्याच्या फरीदाबादच्या घरी झाली. बाल्कनीला काचा लावून केलेल्या त्याच्या खोलीत आम्ही चहा पीत होतो. त्याने नेहमीप्रमाणे विचारलं, "कुलकर्णी, मिळाली का रे कमान?" मीही नेहमीप्रमाणे म्हणालो, "नाही यार." "मिळेल, बिल्कुल मिळेल," असं म्हणून त्याने बशीतली शेवटची चकली माझ्यापुढे सरकवली. त्यानंतर आठवड्याभरातच सकाळी शैलावहिनींचा फोन आला. झोपेतच गेला होता... मेला तोसुद्धा हेवा वाटावा असा.

हेवा हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. आम्ही दोघं एकाच वर्षी दिल्लीत केंद्राच्या एका मंत्रालयात नोकरीला लागलो, एकाच हॉलमध्ये बसलो. बढती मला आधी मिळाली. पण निवृत्तीच्या दिवशी हॉलमधले चपराशी रडले ते त्याच्यासाठी. मला शाल मिळाली. आमच्या घरीसुद्धा गळका नळ दिसला की बायको म्हणायची, "मधूभाऊजींना बोलवा ना!" माझा जळफळाट व्हायचा आणि नळ मात्र तोच दुरुस्त करून जायचा.

ते रिव्हॉल्वर खरं तर माझं व्हायचं होतं. दिल्ली छावणीत गणपतीला गेलो असताना तिथल्या एका वृद्ध मराठी अधिकाऱ्यांनी आम्हाला एक खोकं दाखवलं. आत इंग्रजांच्या वेळचं, गंजून तांबडं झालेलं रिव्हॉल्वर होतं. नळी कायमची बुजवलेली, अर्धे भाग गायब, कागदपत्रं मात्र चोख. "घेता का कुलकर्णी?" त्यांनी मला विचारलं, मधूला नाही. माझा हात पुढे झाला होता. पण तोंडातून निघालं, "आधी नियम पाहतो." आयुष्यभर मी आधी नियमच पाहत आलो. पंधरा दिवसांनी मधू माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "यार, तू काही बोलला नाहीस म्हणून मीच हो म्हटलं. तुझं इंग्रजी चांगलं, तेवढा परवानगीचा अर्ज लिहून दे." मी दिला. मालकाच्या रकान्यात त्याचं नाव मी माझ्या हाताने, माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं.

पुढची कितीतरी वर्षं तो त्या लोखंडापाशी बसला. रॉकेलात भिजवायचं, जुन्या टूथब्रशने घासायचं, मग दर रविवारी जुन्या बाजारातून एकेक सुटा भाग शोधत हिंडायचं. मी बरोबर असायचोच. गोळ्यांचं चक्र मिळालं, मुठीच्या लाकडी पट्ट्या त्याने शिसवातून स्वतः घडवल्या. पाहुणे यायचे, वा वा करायचे. शेवटी राहिली फक्त चापाभोवतीची पितळी कमान. मिळेल ती कुठे तरी अडायची. मग त्याने तिच्या आकाराचे पुठ्ठे कापले आणि सगळ्या मित्रांना एकेक वाटला. "खिशात ठेवा, कुठे दिसली तर लावून बघा." माझा मी पाकिटात ठेवला.

सात वर्षांपूर्वी आम्ही मंडळी बसने पानिपतला काला अंबचं युद्धस्मारक बघायला गेलो. मधू तापामुळे घरीच होता. परत निघण्याआधी मी बाजारातल्या एका भंगारवाल्यापाशी रेंगाळलो आणि खिळ्यामोळ्यांच्या ढिगात ती दिसली. पुठ्ठा लावला. तंतोतंत. भंगारवाला म्हणाला, "ले जाओ बाबूजी, किसी काम की नहीं." बसमध्ये मी इतका खूश होतो की बायकोने कारण विचारलं. फरीदाबाद जवळ येत गेलं तशी डोळ्यांपुढे ती खोली आली, ते पाहुणे, ती वाहवा, मधोमध मधू. आणि मी? कमान आणून देणारा. घरी येऊन मी ती कपाटात मफलरीखाली ठेवली. पुढच्या रविवारी देऊ म्हटलं... असे किती रविवार गेले! तो बाजारात वाकून वाकून शोधायचा, गुडघे धरून उठायचा, आणि मी शेजारी उभा राहून त्याच्याबरोबर शोधायचो. लाज वाटायची. पण खरं सांगतो, थोडं बरंही वाटायचं. त्याला जे हवं होतं ते एकदा तरी माझ्याकडे होतं.

तेराव्यानंतर मी ती खिशात घालून गेलो. वहिनींना म्हणालो, "परवाच मिळाली." त्याच्याच पेचकसाने दोन स्क्रू आवळले. कमान कुठेही न अडता बसली. वहिनी खूप वेळ रिव्हॉल्वरवर हात ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, त्यांचं राहिलेलं तुम्ही पुरं केलंत." आता त्या येणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवतात आणि माझं नाव सांगतात. जी वाहवा मला जन्मभर हवी होती, ती मधूच्या खोलीत, मधूच्या खुर्चीवर बसून मला मिळते आहे. कमान कशी मिळाली ते वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहा, असा आग्रहही त्यांचाच.

म्हणून लिहितो. वहिनी, ती परवा मिळाली नव्हती. सात वर्षं माझ्या कपाटात होती. मधूला ती त्याच्या हाताने बसवता आली असती. मी बसवू दिली नाही.