आईच्या फ्रेमची जागा

या पानावरचे अनुभव मी नेमाने वाचतो. विश्वास ठेवून नाही, हसायला मिळतं म्हणून. कुणाला घाटात पांढऱ्या साडीतली बाई लिफ्ट मागते, कुणाच्या गच्चीवर पैंजण वाजतात... आणि नेमका तेव्हाच प्रत्येकाचा मोबाईल बंद पडलेला असतो! मी अंबरनाथला एमआयडीसीतल्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. विचित्र आवाज आला की आम्ही बेअरिंग बघतो, लिंबू-मिरची बांधत नाही. तेव्हा पुढचं वाचून तुम्ही मला हसलात तर खुशाल हसा, मीही इतकी वर्षं तेच केलंय.

माझा धाकटा भाऊ प्रशांत. त्याने बदलापूरला खरवईत टू बीएचके घेतला. गेटवर इटालियन नाव, आत बंद पडलेलं कारंजं आणि समोर म्हशींचा गोठा. बाबा गेल्या वर्षी गेले. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळच्या आमच्या घराला जिना आहे आणि आईचे गुडघे पार गेलेत, म्हणून लिफ्टच्या सोयीने आई प्रशांतकडे राहायला गेली.

प्रशांतची बायको नेहा. मनाने वाईट नाही, पण मोबाईलवर जे दिसेल ते तिला घरात हवं असतं. या वेळी 'गॅलरी वॉल'ची पाळी होती. म्हणजे काय, तर हॉलच्या भिंतीवर लहान-मोठ्या फ्रेमा अशा लावायच्या, की सहज लावल्यासारख्या वाटाव्यात — आणि त्या सहजपणासाठी आठवडाभर डोकं फोडायचं! फ्रेमच्या मापाचे वर्तमानपत्राचे तुकडे कापून ती भिंतीवर चिकटवायची, लांब जाऊन मान तिरकी करून बघायची, परत काढायची. एका फ्रेममध्ये पॅरिसचा मनोरा. दोघंही अजून गोव्याच्या पुढे गेलेले नाहीत. एकीत वाळकं पान. आमच्या गल्लीत असली पानं झाडून पेटवतात. एकीत नुसतं इंग्रजीत 'होम' लिहिलेलं. स्वतःच्या घरात बसून, हे घर आहे, असं वाचायचं.

आणि मधोमध बाबा आणि आई. रंगीत फोटो म्हणे थीममध्ये बसत नव्हते. म्हणून दोघांचेही ब्लॅक अँड व्हाइट, एकाच मापाचे, काळ्या फ्रेममध्ये, शेजारी शेजारी.

मी म्हटलं, "नेहा, असे जोडीने काळे-पांढरे फोटो कुणाचे लावतात, माहितीये ना?"

"दादा, तुम्ही पण ना! तुमचा तर असल्या गोष्टींवर विश्वासच नाही ना?"

तेही खरंच. नव्हताच विश्वास.

फ्रेमा बनवायला उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये दिल्या होत्या. मी आणि प्रशांत आणायला गेलो. दुकानदार सिंधी, बोलका माणूस. ब्राऊन पेपरमध्ये सगळं बांधून देताना म्हणाला, "साईं, मम्मी-पप्पा की फ्रेम में अपनी तरफ से छोटा गिफ्ट डाला है. घर जाके देखना." प्रशांत खूश. फुकट म्हटलं की त्याचा चेहरा असा काही खुलतो, की लग्नातसुद्धा तेवढा खुलला नव्हता.

घरी आईसमोरच कागद फाडला. दोन्ही फ्रेमांना चंदनाचे हार घातलेले होते.

त्या माणसाची तरी काय चूक? एकाच मापाचे दोन काळे-पांढरे फोटो समोर आले की आपल्याकडे कुणी विचारत बसत नाही, समजून घेतो. आईने स्वतःच्या फोटोवरचा हार बोटांनी चाचपला. "बरा दिसतो की," एवढंच म्हणाली.

"अहो आई, काहीतरीच काय!" नेहाने तो हार ओढून कचऱ्यात टाकला. बाबांचा तसाच ठेवला. आणि फ्रेम? फ्रेम लावायचीच, नाहीतर भिंतीचा बॅलन्स जातो ना!

ड्रिल माझं, भोकं मीच पाडली. आईच्या फ्रेमच्या जागी आत खडी लागली, बिट तापलं, सोफाभर धूळ झाली. मग त्या भोकात गिट्टी, म्हणजे स्क्रू पकडून ठेवणारी प्लास्टिकची नळी, हातोडीने ठोकून बसवली. हे इतकं सविस्तर सांगतोय, कारण 'भोक पाडलंच नसेल' म्हणणारे शहाणे मला भेटलेत.

दुसऱ्या दिवसापासून आईचं जेवण तुटलं. सोफ्यावर बसून भिंतीकडे बघत राहायची. नेहाने विचारलं तर म्हणाली, "जागा चांगली दिलीत गं. ह्यांच्या शेजारीच." मग ताप आला, तो उतरेना. हॉस्पिटलमध्ये हलवलं. रिपोर्ट सगळे नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "वय झालंय." एवढी मशिनं लावून शेवटी निदान काय, तर वय! मग एका सकाळी त्याच डॉक्टरांनी आवाज खाली आणून सांगितलं, की जवळच्यांना बोलावून घ्या.

मी घाबरलो. साफ घाबरलो. बाबा गेले तेव्हाही इतका घाबरलो नव्हतो, कारण तेव्हा आई होती.

आम्ही तिघंही आयसीयूच्या बाहेर बसून. फ्लॅटला कुलूप, किल्ली प्रशांतच्या खिशात. दुपारी आईची शाल आणायला मी किल्ली घेऊन गेलो. दार उघडलं... आईची फ्रेम खाली होती. पडलेली नव्हे, भिंतीला टेकवून सरळ उभी ठेवलेली. काचेला तडा नाही. बाजूला जमिनीवर स्क्रू आणि ती गिट्टी, अख्खी.

प्लास्टर सुटलं असेल, म्हणून मी वर बघितलं. भोक नव्हतं.

बाकीच्या सगळ्या फ्रेमा जागच्या जागी. बाबा हारासकट जागेवर. त्यांच्या शेजारी मात्र नुसती गुळगुळीत भिंत. खुर्चीवर चढून मोबाईलचा टॉर्च बाजूने मारला. पुट्टी भरलेली असती तर उंचवटा दिसला असता, रंगात फरक दिसला असता. काही नाही. बोटाने ठोकून बघितलं, भरीव आवाज. तेवढ्यात फोन वाजला. प्रशांत रडत होता.

"दादा, आईने डोळे उघडले रे... चहा मागतेय! वर बोलतेय, सोबत खारी पण पायजे!"

मी तिथेच फरशीवर बसलो आणि बराच वेळ हमसून हमसून रडलो.

आई आठवड्याभरात घरी आली. तोवर प्रशांतने स्वतःपुरतं उत्तर शोधलं होतं, "बिल्डरच्या माणसाने भरलं असेल." बिल्डरचा माणूस! गळक्या बाथरूमसाठी शंभरदा फोन करून जो फिरकत नाही, तो न बोलावता कुलूपबंद घरात घुसून भोक बुजवून गेला! वर रंगही जुळवून लावला! या सगळ्यातलं आईला मात्र काही सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं. नेहाने ती फ्रेम आधीच माळ्यावर टाकली होती, तीही न सांगता.

पण माझ्या डोक्यातून ते जाईना. एका रविवारी सकाळी, आई स्वयंपाकघरात आहे असं बघून, मी सुरी घेतली आणि त्या जागेचा रंग खरवडायला लागलो. आत कुठेतरी भोकाची कड लागेलच ना. पापुद्रा निघाला, खाली प्लास्टर, अखंड. अजून थोडं खरवडणार, तोच मागून आवाज आला.

"खरवडू नको रे."

आई चहाचा कप घेऊन उभी होती. मी म्हटलं, "काही नाही गं, रंग बघत होतो."

"उभ्या जन्मात ह्यांनी घरात एक खिळा ठोकला नाही," आई म्हणाली. "आता एवढं बुजवलंय, तर राहू दे."

तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी नाही, प्रशांतने नाही, नेहाने तर शपथ घेतली. तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा, मला स्वतःला आजपर्यंत काही सुचलेलं नाही. आणखी थोडं खरवडलं असतं तर कदाचित कळलंही असतं. पण आई मागे उभी होती, जिवंत... आणि मी सुरी खाली ठेवली.